‘पाहिजेत’च्या पुढे काय लिहावे?
रुग्णालयांच्या ऑनलाइन नोकरी-जाहिरातींविषयी काही विचार

आपल्या बालाघाट जिल्ह्यात रुग्णालय चालविणाऱ्या कोणत्याही सभासदास सर्वांत मोठी अडचण विचारावी, तर यंत्रसामग्री, जागा किंवा बँकेचे कर्ज यांच्या आधी एकच उत्तर मिळते : ‘माणसे मिळत नाहीत.’ हे गाऱ्हाणे केवळ खाजगी रुग्णालयांचे नाही. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची उणीव सुमारे ८० टक्के होती. या आकड्याचा अर्थ आपण रोज पाहतो. बैहरकडून रात्री आलेल्या बाळंतिणीस शस्त्रक्रियेची गरज असते, स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असतो, पण भूल देणारा कोणी नसतो. मग गाडी गोंदियाच्या किंवा नागपूरच्या वाटेला लागते. एक रिकामे पद म्हणजे अशा अनेक रात्री होत. म्हणून त्या पदाची जाहिरात हे कारकुनाकडे सोपवून मोकळे होण्याचे काम नाही, असे माझे नम्र मत आहे.

या लेखाच्या निमित्ताने मी आपल्या व शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्णालयांच्या अनेक जाहिराती लक्षपूर्वक वाचल्या. बहुतेकांचा साचा एकच : ‘नामांकित रुग्णालयासाठी ॲनेस्थेटिस्ट त्वरित पाहिजे. आकर्षक वेतन. राहण्याची सोय. संपर्क साधावा.’ वर्तमानपत्रात दर ओळीला पैसे मोजावे लागत, तेव्हा हा संक्षेप समजण्यासारखा होता. आता परिस्थिती वेगळी आहे. नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ मध्ये सुरू झाले. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल जुलै २०१५ मध्ये आले. २०१८ पासून भारतात गूगलच्या शोधातही नोकऱ्यांच्या जाहिराती एकत्र दिसू लागल्या. जागेचा तुटवडा संपला, तरी आपली लेखणी अजून ओळी मोजतेच आहे.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : चांगली जाहिरात अधिकाधिक अर्ज गोळा करण्यासाठी नसते. योग्य उमेदवारास ‘हे माझ्यासाठी आहे’ आणि अयोग्य उमेदवारास ‘हे माझ्यासाठी नाही’ असे घरबसल्या ठरविता यावे, यासाठी ती असते. बालाघाटसारख्या ठिकाणी तर हे विशेष खरे आहे. येथे रुजू होऊन दोन महिन्यांत निघून जाणारा डॉक्टर न येणाऱ्यापेक्षाही महाग पडतो.

१. आधी पद, मग जाहिरात

आपण निदानापूर्वी औषध लिहीत नाही. तसेच पदाचे स्वरूप ठरल्याशिवाय जाहिरात लिहू नये. कागद घेऊन पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. महिन्याला किती शस्त्रक्रिया होतात? रात्रीची बोलावणी आठवड्यातून किती? या व्यक्तीच्या रजेच्या काळात काम कोण पाहील? कोणती साधने आज चालू स्थितीत आहेत? वेतन किती व कोणत्या तारखेस? यांतील एखाद्या प्रश्नाचे उत्तर देताना संकोच वाटला, तर दोष जाहिरातीत नाही, पदात आहे. आणि तो शब्दांनी झाकला जात नाही.

छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्याचे उदाहरण येथे बोलके आहे. आपल्यापेक्षा कितीतरी दुर्गम असलेल्या त्या जिल्ह्यात मागील दशकात जिल्हा खनिज निधीतून तज्ज्ञांना वाढीव वेतन देण्यात आले, रुग्णालयाची साधनसामग्रीही सुधारली आणि बाहेरच्या राज्यांतून डॉक्टर तेथे गेले. आधी देण्याजोगे काही तयार झाले आणि मगच ते सांगितले गेले. भरवेली आणि मलाजखंडच्या खाणी असलेल्या आपल्या जिल्ह्याने या उदाहरणाचा विचार अवश्य करावा.

२. शीर्षक : शोधणाऱ्याच्या शब्दांत

ऑनलाइन जाहिरात आधी यंत्र वाचते, मग माणूस. उमेदवार शोधाच्या चौकटीत जे शब्द टाकतो तेच शीर्षकात हवेत. ‘सुवर्णसंधी’ किंवा ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ असे कोणी शोधत नाही. ‘ॲनेस्थेटिस्ट, एमडी किंवा डीए किंवा डीएनबी, बालाघाट, पूर्णवेळ’ हे शीर्षक रुक्ष वाटले तरी उपयोगी आहे. बहुतेक उमेदवार जाहिरात मोबाइलवर पाहतात. पहिल्या दोन-तीन ओळींत पद, गाव, वेतन आणि कामाचे तास आले नाहीत, तर पुढचे वाचलेच जात नाही.

‘त्वरित’ हा शब्द मात्र वगळावा. आपल्या मनात त्याचा अर्थ ‘गरज मोठी आहे’ असा असतो. वाचणाऱ्याच्या मनात ‘आधीचा माणूस अचानक का गेला?’ असा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी रुजू होण्याची अपेक्षित तारीख द्यावी.

आणखी एक व्यावहारिक सूचना. रंगीत चित्र तयार करून ते व्हॉट्सॲपवर फिरविण्याची पद्धत रूढ झाली आहे. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला सहज सापडत नाहीत, क्रमांक उतरवून घ्यावा लागतो आणि चित्र वर्षभर फिरतच राहते. चित्र हवे तर द्यावे, पण तोच मजकूर साध्या अक्षरांतही द्यावा आणि त्यात प्रसिद्धीची व अर्जाची अंतिम तारीख घालावी. पद भरल्यावर जाहिरात काढून घ्यावी. गूगलच्या नियमांतही तशी अपेक्षा आहे, आणि साधे सौजन्यही तेच सांगते.

३. काम आणि साधने यांचे खरे वर्णन

भूलतज्ज्ञास ‘सुसज्ज ऑपरेशन थिएटर’ या शब्दांतून काहीच कळत नाही. भूल देण्याचे यंत्र कोणते, मॉनिटरवर काय काय दिसते, व्हेंटिलेटर किती, ऑक्सिजनची व्यवस्था कशी, रक्तपेढी किती अंतरावर, मदतीला प्रशिक्षित टेक्निशियन आहे की नाही, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. साधनाअभावी रुग्ण दगावला, तर दोष कोणावर येईल हा त्याच्या मनातील न बोललेला प्रश्न असतो. स्टाफ नर्सच्या जाहिरातीतही एका पाळीत किती खाटांमागे एक नर्स, महिन्यातून किती रात्रपाळ्या आणि रात्री घरी पोहोचविण्याची सोय आहे का, हे तिन्ही मुद्दे वेतनाइतकेच महत्त्वाचे असतात.

सुरक्षिततेविषयीही स्पष्ट लिहावे. डॉक्टर व वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध मध्यप्रदेशात २००८ चा स्वतंत्र कायदा आहे. तथापि उमेदवारास कायद्याच्या नावापेक्षा रात्री दारावर रक्षक असतो का, हे कळले तर अधिक दिलासा मिळतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मनाई केली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाल्याने ती संहिताच पुढे चालू राहिली. कर्मचारी मागविण्याची जाहिरात त्या मनाईत येत नाही. परंतु ‘मध्य भारतातील सर्वोत्कृष्ट उपचार’ असे शब्द तिच्यात शिरले, की ती नकळत रुग्णांसाठीची जाहिरात होऊ लागते. उमेदवारासाठी लिहावे, रुग्णाच्या डोळ्यांसाठी लिहू नये.

४. वेतन : आकडा लिहावा

‘आकर्षक वेतन’, ‘वेतन पात्रतेनुसार’ या शब्दांआड आपण आकडा लपवितो. कारणे दोन : शेजारच्या रुग्णालयाला कळू नये आणि घासाघीस करता यावी. पहिले कारण भ्रामक आहे, कारण छोट्या शहरात वेतन कोणापासूनच लपत नाही. दुसऱ्यामुळे दोन्ही बाजूंचे दिवस वाया जातात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून जाहिरातीत वेतनाची मर्यादा देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तसे बंधन नाही. पण ‘इतके ते इतके’ अशी प्रामाणिक मर्यादा देण्यास आडकाठीही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने तर राज्यांना ‘तुम्ही सांगा, आम्ही देऊ’ अशा धर्तीवर तज्ज्ञ नेमण्याची मुभा दिली आहे. म्हणजे सरकारी व्यवस्थेनेही वेतनाची बोलणी उघड्यावर आणली.

परंतु केवळ आकड्याने काम भागत नाही. न्यूझीलंडमधील टोकोरोआ या छोट्या गावातील एका डॉक्टरांना सहकारी हवा होता. वर्षाला ४ लाख न्यूझीलंड डॉलर, रात्रपाळी नाही, शनिवार-रविवार काम नाही, असे असूनही दोन वर्षे कोणी फिरकले नाही. २०१६ च्या आरंभी ही हकीकत वर्तमानपत्रांतून जगभर पोहोचली आणि चौकशांचा पूर लोटला. पैसा तोच होता, गावही तेच होते. फरक एवढाच की पद प्रथमच योग्य त्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यासोबत तेथील डॉक्टर, त्यांचे काम व त्यांची अडचणही आली. वाचणाऱ्यास माणूस दिसला.

५. गाव लपवू नये

काही जाहिरातींत गावाचे नाव शेवटी, बारीक अक्षरांत असते; काहींत केवळ ‘नागपूरजवळ’ असते. हे करू नये. ज्याला बालाघाट नको आहे, तो मुलाखतीच्या दिवशीही नकोच म्हणेल. ज्याला ते चालण्यासारखे आहे, त्याला पुरेशी माहिती द्यावी. गोंदिया सुमारे ४५ किलोमीटर; सातपुड्याची जुनी नॅरोगेज जाऊन गोंदिया-जबलपूर हा मार्ग ब्रॉडगेज झाला; घर कसे, कोठे व किती खोल्यांचे; मुलांसाठी कोणत्या शाळा; इंटरनेट कसे चालते. कान्हाचे मुक्की प्रवेशद्वार आपल्याच जिल्ह्यात आहे. एखाद्याला जंगलाची ही जवळीक मोह घालील, दुसऱ्याला धास्ती. दोघांनाही आधीच कळलेले बरे.

सर्वांत विसरला जाणारा मुद्दा जोडीदाराच्या नोकरीचा. आजचा तरुण तज्ज्ञ बहुधा एकटा निर्णय घेत नाही. पती किंवा पत्नीही डॉक्टर, शिक्षक अथवा अभियंता असते. ‘जोडीदार वैद्यकीय क्षेत्रात असल्यास दोघांचाही विचार होईल’ हे एक वाक्य अनेक बंद दारे उघडू शकते. स्त्री-उमेदवारांना प्रसूतिरजा व अंतर्गत तक्रार समितीविषयी विचारावे न लागता कळावे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांच्या रजेची तरतूद २०१७ मध्ये झाली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रार समिती २०१३ च्या कायद्याने आवश्यक आहे.

६. अटी : आवश्यक आणि अपेक्षित

पात्रतेचे दोन भाग करावेत. ज्यांच्याशिवाय अर्ज विचारातच घेता येणार नाही त्या आवश्यक अटी, आणि असल्यास उत्तम त्या अपेक्षित. नोंदणी ही आवश्यक अट. विशिष्ट यंत्राचा अनुभव ही बहुधा शिकविता येण्यासारखी गोष्ट. दहा अटींची माळ लावली, तर प्रामाणिक उमेदवार एका अटीपायी मागे सरतो आणि धीट उमेदवार सर्व अटी सोडून अर्ज करतो.

महाराष्ट्रात नोंदणी असलेल्यास येथे काम करण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील व रुग्णालय त्यात काय साह्य करील, हे जाहिरातीतच सांगावे. सीमेलगतच्या आपल्यासारख्या जिल्ह्यात ही ओळ फार मोलाची आहे. नर्सिंगच्या बाबतीत नोंदणीची पडताळणी परिषदेकडून करून घेणे अगत्याचे आहे. मध्यप्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयच्या तपासापर्यंत गेले, हे आपण जाणतोच. ‘पडताळणी होईल’ असे आधी सांगितले, म्हणजे खऱ्या पात्रतेच्या उमेदवारासही त्याचा आदर वाटतो.

वय, विवाह, जात किंवा धर्म यांविषयीची अट घालू नये. भरतीत स्त्री-पुरुष भेद न करण्याचे तत्त्व १९७६ च्या समान वेतन कायद्यात होते, तेच २०१९ च्या वेतन संहितेत आले. शब्दांचाही परिणाम होतो. पुरुषी छटेच्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. आपली भाषा तर क्रियापदातही लिंग सांगते; म्हणून ‘अर्ज करणारा’ ऐवजी ‘अर्ज करणारी व्यक्ती’ असे लिहिणे कठीण नाही. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया असलेल्या जिल्ह्याने तरी ही काळजी घ्यावी.

७. भाषा आणि माध्यम

तज्ज्ञांसाठी इंग्रजी, नर्स व टेक्निशियन यांच्यासाठी हिंदी, आणि गोंदिया, भंडारा, नागपूरकडील उमेदवारांसाठी मराठी, अशी एकच जाहिरात तीन भाषांत द्यावी. आमच्या रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलावे लागेल, हेही लिहावे. हिंदी व मराठी दोन्ही चालतात, पवारी कानावर पडते, बैहरकडे गोंडी भाषक रुग्ण येतात. दुभाषी मदतनीस असल्यास तसे नमूद करावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतील एक निष्कर्ष आपल्या फार उपयोगाचा आहे : ग्रामीण भागात वाढलेले विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता अधिक असते. सबब आपला उत्तम उमेदवार बहुधा वारासिवनी, लांजी, कटंगी किंवा आमगावचा असून तो आज नागपूर, जबलपूर अथवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असावा. मोठ्या पोर्टलवरील जाहिरात हवीच. पण तिचा दुवा या महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटांत पोहोचविणे अधिक फलदायी ठरेल.

८. विश्वास आणि पाठपुरावा

खोट्या नोकऱ्यांच्या जाहिरातींनी तरुण पोळलेले आहेत. म्हणून रुग्णालयाचे पूर्ण नाव, पत्ता, जबाबदार व्यक्तीचे पद आणि ‘निवडीसाठी कोणतेही शुल्क नाही’ हे वाक्य अवश्य असावे. मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती अनुचित आहे. पडताळणीनंतर त्याच दिवशी परत दिली जातील, असे लिहावे. अर्जातील कागद व्हॉट्सॲप गटांत टाकू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि परक्याचा आधार क्रमांक ही आपल्याकडील ठेव आहे.

आलेल्या प्रत्येक अर्जास दोन दिवसांत पोच आणि दोन आठवड्यांत होकार वा नकार कळवावा. नकारही सौजन्याने कळविलेला बरा, कारण तोच उमेदवार आपल्या वर्गमित्राला आपल्याविषयी सांगणार असतो. शेवटी एक लहानशी नोंदवही ठेवावी : अर्ज कोठून आले, मुलाखतीस किती आले, रुजू किती झाले आणि वर्षानंतर किती टिकले. जाहिरातीचे यश या शेवटच्या रकान्यात पाहावे.

एक नमुना (आकडे केवळ उदाहरणादाखल)

‘ॲनेस्थेटिस्ट, एमडी किंवा डीए किंवा डीएनबी. बालाघाट, मध्यप्रदेश. पूर्णवेळ. मासिक १,८०,००० ते २,४०,००० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. आमचे ३० खाटांचे प्रसूती व शस्त्रक्रिया रुग्णालय आहे. महिन्यास सुमारे ६० शस्त्रक्रिया, त्यांतील निम्म्या सिझेरियन. रात्रीची बोलावणी आठवड्यास सरासरी दोन. महिन्यातून दोन शनिवार-रविवार पूर्ण सुटी, त्या काळात पर्यायी भूलतज्ज्ञ येतात. भूल देण्याचे यंत्र, मॉनिटर, दोन व्हेंटिलेटर व प्रशिक्षित टेक्निशियन उपलब्ध, रक्तपेढी शहरातच. नवजात अतिदक्षता विभाग आमच्याकडे नाही. रुग्णालयापासून चालत पाच मिनिटांवर दोन खोल्यांचे घर. जोडीदार वैद्यकीय क्षेत्रात असल्यास दोघांचाही विचार होईल. अन्य राज्यात नोंदणी असल्यास येथील प्रक्रियेस साह्य करू. येऊन एक दिवस काम पाहावे. प्रवासखर्च आम्ही देऊ. निवडीसाठी कोणतेही शुल्क नाही.’

‘नवजात अतिदक्षता विभाग आमच्याकडे नाही’ हे वाक्य वाचून काहींना ते काढावेसे वाटेल. मी ते राखावे असे म्हणेन. एक उणीव स्वतःहून सांगणाऱ्याच्या उरलेल्या विधानांवर विश्वास बसतो.

मंडळाने काय करावे?

एकेकट्या रुग्णालयाने कितीही चांगली जाहिरात दिली, तरी एक अडचण उरतेच. आपणच एकमेकांच्या नर्सेस व टेक्निशियन थोड्या अधिक वेतनावर ओढून घेतो. शहरातील एकूण माणसे मात्र तेवढीच राहतात. यावर उपाय म्हणून मंडळाने जिल्ह्यातील सर्व रिक्त पदांचे एकत्रित पत्रक दर तिमाहीस काढावे, असे सुचवितो. एका रुग्णालयाला भूलतज्ज्ञ हवा आणि दुसऱ्याला बालरोगतज्ज्ञ, तर दांपत्याला दोन्ही पदे एकाच पानावर दिसतील. दोन छोट्या रुग्णालयांना मिळून एक रेडिओलॉजिस्ट पुरत असेल, तर तेही मांडता येईल. नव्याने येणाऱ्या कुटुंबास घर, शाळा व ओळखी यांसाठी मंडळातील एक सभासद-कुटुंब साह्य करील, अशी ओळ त्या पत्रकात घालता आली, तर कोणत्याही महानगरातील रुग्णालयाला देता येणार नाही असे काही आपण देऊ शकू.

पुढील कार्यकारिणीच्या सभेत या पत्रकाचा विचार व्हावा आणि सभासदांनी आपापल्या रिक्त पदांची माहिती वरील पाच प्रश्नांच्या उत्तरांसह चिटणिसांकडे द्यावी, एवढी विनंती करून लेख पुरा करतो.